फौजीचे चौदा डबे

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकतो. बायको म्हणते, मी आरशात बघतानासुद्धा आधी मागे कोण उभं आहे ते बघतो. म्हणू दे. औषधांच्या दुकानात चोवीस वर्षं उभं राहून बघा म्हणजे कळेल. नकली चिठ्ठ्या येतात, तारखेत खाडाखोड केलेली असते, आजीच्या नावावर झोपेच्या गोळ्या मागणारे नातू येतात आणि ती आजी कधीच गेलेली असते. सगळ्यांवर विश्वास ठेवला असता तर माझं दुकान केव्हाच उठलं असतं.

त्यामुळे फौजी पहिल्यांदा दुकानात आला तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. सैन्यातून नुकताच निवृत्त होऊन आमच्या रस्त्याच्या टोकाला राहायला आला होता, एवढंच ऐकून होतो. इस्त्रीचा शर्ट, ताठ मान. चिठ्ठी नाही काही नाही, सरळ दुखण्याच्या गोळ्या मागितल्या. साध्या डोकेदुखीच्या नव्हेत, जरा भारी, डॉक्टरने लिहून दिल्याशिवाय देऊ नयेत अशा. मी नमुना म्हणून स्ट्रिप काउंटरवर ठेवली तर या गृहस्थाने ती उचलली, बॅच नंबर तोंडातल्या तोंडात वाचला, मुदत बघितली, उलटी केली आणि दहाच्या दहा गोळ्या आहेत का ते बोटाने मोजलं. आता असं करणारी माणसं दोनच प्रकारची. एक तर वेडी, नाहीतर औषध खात्याची. वेडा तर दिसत नव्हता.

मी स्ट्रिप मागे ओढली आणि म्हटलं, चिठ्ठीशिवाय मिळणार नाही. तो ‘बरं’ म्हणाला आणि वळून गेला. वाद नाही, विनवणी नाही. त्याने तर मी जास्तच घाबरलो. दुसऱ्या दिवशी आला, तेच. तिसऱ्या दिवशी मी कंटाळून दिली. पुढे आठ दिवस खात्याकडून कोणी आलं नाही तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

हळूहळू कळलं. हा माणूस बावीस वर्षं पलटणीच्या शस्त्रागारात कोठारावर होता. बंदुका, काडतुसं, किल्ल्या, वह्या. मोजणं त्याच्या हाडात मुरलं होतं. गुडघ्याचं दुखणंही तिथलंच. ट्रकवरून काडतुसांची पेटी उतरवताना वरच्याचा हात सुटला आणि पेटी डाव्या गुडघ्यावर आली. लढाई नाही, शत्रू नाही. तो स्वतःच म्हणायचा, पेटीला पदक द्या, ती तरी पडली.

माझा दुसरा संशय त्याच्या चालीवर. सरकारकडून गुडघ्याचं पेन्शन घेणारे मी पुष्कळ पाहिलेत. लोक बघत असले की लंगडतात, कोणी नसलं की धावत बस पकडतात. या बाबाचं उलटं. रस्त्यावरून येताना असा ताठ यायचा की संचलनाला निघालाय. माझ्या दुकानाच्या बाजूच्या बोळात वळला, आता कोणी बघत नाही असं वाटलं, की भिंत धरायचा. एकदा मी मागच्या खिडकीतून बघितलं. कपाळ भिंतीला टेकून उभा होता. चांगली पाच मिनिटं. मग घाम पुसून पुन्हा ताठ होऊन दुकानात आला आणि म्हणाला, “काय डॉक्टर, एक स्ट्रिप.”

मी डॉक्टर नाही. पण तो मला डॉक्टर म्हणायचा आणि मी त्याला कधी दुरुस्त केलं नाही.

हे लपवणं कुठून आलं तेही त्यानेच एकदा सांगितलं. नोकरीत असताना दरवर्षी तपासणी व्हायची. ज्याने तोंड उघडलं, दुखतंय म्हणाला, त्याच्या कागदावर शेरा पडायचा आणि त्याची रवानगी व्हायची घरी. मग हा दरवर्षी साहेबापुढे टाच आपटून सांगायचा, ठीक आहे साहेब. दुखऱ्या पायाची टाच. निवृत्तीच्या शेवटच्या तपासणीत एका म्हाताऱ्या डॉक्टरने वण बघितला, गुडघा वाकवून बघितला, चार शिव्या दिल्या आणि जबरदस्तीने कागदावर लिहिलं. त्यामुळे निदान गुडघा तरी सैन्याच्या नावावर लागला. सवय मात्र गेली नाही. घरीसुद्धा ठीकच आहे. वहिनींना, म्हणजे त्याच्या बायकोला, आपला नवरा रोज गोळ्या घेतो याचा पत्ता नव्हता. फक्त मला होता.

आधी दहा दिवसांना एक स्ट्रिप. मग पाच दिवसांना. चौदा वर्षं.

मग एक दिवस त्याचे पाय सुजले, तोंड सुजलं, आणि दवाखान्यात सांगितलं की दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा यंत्रावर रक्त साफ करून घ्यायचं, जन्मभर. सैन्याच्या दवाखान्यात ते फुकट होतं, पण एका अटीवर. किडनीचा आजार सैन्यातल्या इजेतूनच उद्भवला, हे सैन्याच्या वैद्यकीय बोर्डाने मान्य करायला हवं. तोपर्यंत खासगीत जा. खासगीत तीनदा परवडेना म्हणून वहिनी त्याला दोनदा नेत होत्या. दोनदा नेलेल्या माणसाचं काय होतं ते मला कोणी सांगायची गरज नव्हती.

मी हळहळलो. खरंच हळहळलो. बायकोला म्हटलं, मी त्याला किती वेळा सांगितलं होतं, एवढ्या गोळ्या बऱ्या नव्हेत. वहिनी रस्त्यात भेटल्या, त्यांनाही तेच म्हटलं. सांगून सांगून मला ते पाठ झालं होतं.

आणि मग ती फाइलवाली बाई दुकानात आली.

चष्मा, खांद्याला पिशवी, हातात जाड फाइल. काही विकत घ्यायच्या आधी तिने दुकानावरची पाटी वाचली, भिंतीवरचा परवाना वाचला, त्याची तारीखही वाचली. म्हणाली, माजी सैनिकांच्या मदत केंद्रातून आले. फौजींचा दावा मी बघते. मग फाइलमधून एक रिकामी स्ट्रिप काढून माझ्यापुढे धरली आणि विचारलं, ही तुमच्याकडची का?

रिकाम्या स्ट्रिपवर बॉलपेनने तारीख घातलेली होती. नऊ वर्षांपूर्वीची.

मी म्हटलं, अशा गोळ्या शंभर दुकानांत मिळतात. बाई म्हणाल्या, बरोबर आहे, पण बॅच नंबर शंभर दुकानांत नसतो. मग त्यांनी शांतपणे समजावलं. गुडघा मान्य आहे. गुडघ्यापायी गोळ्या, गोळ्यांपायी किडनी, अशी साखळी दाखवायची आहे. पहिली कडी सैन्याच्या कागदावर आहे, शेवटची दवाखान्याच्या. मधली कुठेच नाही, कारण हे गृहस्थ कधी डॉक्टरकडे गेलेच नाहीत. तारखा त्यांनी स्वतः घातलेल्या. बोर्ड म्हणेल, काल रात्री बसून घातल्या असतील. विकणाऱ्याने येऊन सांगितलं तरच टिकेल.

मी विचारलं, आणि विकणाऱ्याचं काय होईल? बाईंनी परवान्याकडे एक नजर टाकली. म्हणाल्या, बोर्डाचे कागद आमच्या हातात नसतात, ते कुठेही जाऊ शकतात, खोटं कशाला सांगू.

झालं. म्हणजे मी स्वतःच्या पायाने जाऊन सांगायचं की चौदा वर्षं चिठ्ठीशिवाय माल विकला. मी चक्क कानावर हात ठेवले. आठवत नाही म्हटलं. बाई गेल्या आणि मी दुकानाचं शटर अर्धं ओढून बसून राहिलो. मला सगळं स्पष्ट दिसायला लागलं. फौजी पहिल्या दिवसापासून नंबर वाचत होता तो उगाच नाही. हा सापळा होता. चौदा वर्षांचा. आता किडनीचं खापर माझ्या माथी मारतील, वर नुकसानभरपाई मागतील. बायको म्हणाली, कोणी स्वतःच्या किडन्या घालवून सापळा लावतं का? मी तिला म्हटलं, तुला या लोकांची माहिती नाही.

त्यांच्याकडे नेमकं आहे तरी काय, ते बघायचं ठरवलं. तब्येतीच्या चौकशीचं निमित्त करून रविवारी दुपारी त्यांच्या घरी गेलो. दोन खोल्या, स्वच्छ. फौजी आतल्या खोलीत झोपला होता. वहिनींनी मला बाहेरच्या खोलीत बसवलं आणि चहा टाकायला गेल्या.

भिंतीशी फळीवर बिस्किटांचे पत्र्याचे डबे होते. चौदा. प्रत्येकावर चिठ्ठी, चिठ्ठीवर साल. मी एक उघडला. आत रिकाम्या स्ट्रिपा, दहा दहांची जुडी, प्रत्येक जुडीला दोरा, दोऱ्याला कागदाचा तुकडा आणि त्यावर आकडा. माझा हातच थांबला. हे सगळं मी विकलं होतं. एकेक करून विकताना एवढं वाटलं नव्हतं.

आणि मग मी जे केलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगतो. एक जुडी उचलली आणि कोटाच्या खिशात घातली. एक जुडी नेऊन काय होणार होतं? आणखी तेरा डबे होतेच. पण चोर हिशेब करत नाही. डबा बंद करून मी जागेवर येऊन बसलो तोवर वहिनी चहा घेऊन आल्या, आणि मागोमाग भिंत धरत धरत फौजीही आला. मला बघून त्याला एवढा आनंद झाला की मला दुसरीकडे बघावं लागलं.

“डबे बघितले का?” त्याने विचारलं. मी म्हटलं, कसले डबे?

मग त्याने कौतुकाने सांगितलं. चांदमारीला गेलं की झाडलेल्या प्रत्येक काडतुसाची रिकामी पुंगळी परत जमा करावी लागते. शंभर दिली तर शंभर परत. एक जरी कमी भरली तरी अख्खी तुकडी गवतात रांगत शोधते, कोणी जेवायला जात नाही. बावीस वर्षं त्याने पुंगळ्या मोजून घेतल्या. मग घरी गोळी घेतल्यावर रिकामं पाकीट फेकून द्यायचं कसं? हात धजेना. वहिनींपासून लपवून माळ्यावर ठेवत गेला. पुरावा वगैरे त्याच्या स्वप्नातही नव्हता. त्या फाइलवाल्या बाईंना माळ्यावर डबे सापडले तेव्हा त्या म्हणे खालीच बसल्या.

माझा चौदा वर्षांचा सापळा तो हा.

मला दाखवायचं म्हणून त्याने नेमका तोच डबा काढला. उघडला, बोट फिरवलं, थांबला. पुन्हा मोजलं. चेहरा बदलला. म्हणाला, एक कमी आहे. वहिनी म्हणाल्या, असेल इकडेतिकडे, बसा तुम्ही. तो बसेना. उद्या बाई येणार, गिनती चुकली तर सगळेच डबे खोटे ठरतील. आणि मग तो खाली बसला. म्हणजे बसला कसला, आधी खुर्ची धरली, मग उजवा पाय टेकवला, मग तो डावा, आणि तोंडातून आवाज निघू नये म्हणून दात आवळले. सुजलेल्या पायांनी, त्या गुडघ्यावर, तो फळीखाली हात घालून चाचपायला लागला. वहिनीही पदर खोचून खाटेखाली वाकल्या. दोघं फरशीवर, आणि मी खुर्चीवर चहाचा कप धरून. खिशातली जुडी मला मांडीला टोचत होती.

मी किती वेळ बसून राहिलो? एक मिनिट असेल. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात वाईट मिनिट. मग मीही खाली वाकलो, फळीच्या कोपऱ्यात हात घातला आणि म्हटलं, ही बघा, इथे पडली होती.

फौजीने जुडी घेतली. ती कोमट होती, खिशातली. त्याने माझ्याकडे बघितलं, दोरा तपासला, डब्यात ठेवली आणि म्हणाला, “गिनती बरोबर.” त्याला उठवायला आम्हा दोघांनाही हात लावावा लागला.

दुसऱ्या दिवशी मी मदत केंद्रात जाऊन बाईंना सांगितलं की मी येतो. बाईंनी मला एकच गोष्ट बजावली. बोर्डाला साखळी तोडायची असेल तर ते एकच प्रश्न विचारतील, विक्रेत्याने धोका सांगितला होता का. सांगितला असेल तर म्हणतील, माहीत असून घेतल्या, ज्याचा तो जबाबदार. म्हणाल्या, मी तुम्हाला काय बोलायचं ते सांगणार नाही. जे खरं असेल ते सांगा.

बोर्ड तिसऱ्या मजल्यावर होतं. लांब टेबल, पलीकडे तिघं: एक लष्करी अधिकारी, एक पांढऱ्या केसांचे डॉक्टर आणि एक टंकलेखक. अलीकडे खुर्च्यांवर फौजी, बाई, मी, आणि माझ्या शेजारी वहिनी. अधिकाऱ्याने स्ट्रिपा बघितल्या, मला नाव, दुकान, किती वर्षं विचारलं. मी सगळं सांगितलं. चिठ्ठीशिवाय विकल्या तेही. टंकलेखकाची बोटं चालू होती. इथपर्यंत माझा आवाज ठीक होता.

मग डॉक्टरांनी चष्मा काढला आणि विचारलं, “या गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या तर किडनी जाते, हे तुम्हाला माहीत होतं?”

मी हो म्हटलं. चोवीस वर्षं दुकान चालवतोय, माहीत नसायला काय झालं.

“मग यांना कधी सांगितलंत?”

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. रस्त्यात मी त्यांना काय सांगितलं होतं ते त्यांच्या लक्षात होतं. किती वेळा सांगितलं हो त्यांना, असं म्हटलं होतं मी. त्यांनी मान डोलावली होती आणि घरी जाऊन नवऱ्याला बोलही लावले असतील.

मी म्हटलं, “नाही. एकदाही नाही.”

डॉक्टर हसले. हसणं कसलं, मी नकली चिठ्ठी बघून जसा हसतो तसे. त्या दिवशी मला कळलं, समोरच्याला ते कसं लागतं. म्हणाले, वा, म्हणजे दाव्याला जे सोयीचं तेच नेमकं उत्तर. एवढं माहीत असलेला माणूस चौदा वर्षं गप्प कसा बसेल? तुम्हाला कोणी पढवून आणलंय का? बाईंनी खाली बघितलं. आयुष्यात मी कधी नव्हे ते पूर्ण खरं बोललो होतो, आणि तो माणूस माझ्यावर विश्वास ठेवायला तयार नव्हता. त्याच्या जागी मी असतो तर मीही ठेवला नसता.

आता खोटं नाही हे पटवायचं तर कारण सांगायला हवं होतं. कारण मला माहीत होतं. ते मी बायकोला सांगितलं नव्हतं, स्वतःलाही धड सांगितलं नव्हतं.

मी म्हटलं, “ते ठरलेलं गिऱ्हाईक होते. सांगितलं असतं तर नाक्यावरच्या दुसऱ्या दुकानात गेले असते. म्हणून नाही सांगितलं.”

टंकलेखकाची बोटं थांबली. डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले, मग त्यांनी चष्मा घातला आणि टंकलेखकाला म्हणाले, हे लिहून घ्या, जसंच्या तसं. एवढं हलकं कारण कोणी पढवून देत नाही हे त्यांना कळलं असावं. त्याच वाक्यावर सात आठवड्यांनी दावा मंजूर झाला आणि फौजी सैन्याच्या दवाखान्यात आठवड्यातून तीनदा जायला लागला. त्याच वाक्यावर माझं दुकानही दोन महिने बंद राहिलं. पण ते सगळं नंतर. त्या क्षणी फक्त एवढंच झालं की वहिनी उठल्या आणि फौजीच्या पलीकडच्या रिकाम्या खुर्चीवर जाऊन बसल्या.

बाहेर आलो तर लिफ्ट बंद होती. वहिनी फाइल छातीशी धरून बाईंबरोबर पुढे उतरायला लागल्या. मागे वळून बघितलं नाही. फौजी कठडा धरून पहिल्या पायरीवर उभा होता. मी चार हात अंतर ठेवून थांबलो होतो, कोणत्या तोंडाने जवळ जाणार? त्याने हात लांब केला आणि माझा खांदा पकडला. मी त्याला प्रेम वगैरे समजलो नाही. तीन मजले उतरायचे होते, आधार लागत होता.

पहिल्यांदाच तो लोकांसमोर लंगडत होता. माणसं वर चढत होती, बघत होती, त्याने लपवलं नाही. पहिल्या मजल्यावर दम खायला थांबलो तेव्हा तो म्हणाला, “गुडघा दुखतो हे फक्त तुम्हाला माहीत होतं. तुम्ही सांगितलं असतं ना, तरी मी दुसऱ्या दुकानात गेलो नसतो.”

मी खांदा त्याच्या हाताखाली नीट सरकवला. अजून एक मजला उतरायचा होता.